ॲल्युमिनियम बोटीचा रंग दर हंगामाला का सुटतो? लक्षणं, तपासण्या आणि दुरुस्ती

रंगवलेली बोट पाण्यात सोडली आणि दोन-तीन महिन्यांत पाणरेषेजवळ फोड आले, नाहीतर कांद्याची साल निघावी तसे पापुद्रे सुटू लागले. पुढच्या हंगामात सुटलेला तेवढा भाग घासून वर नवा रंग मारला, आणि पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय रंगाच्या डब्यावर जातो. डबा क्वचितच खराब असतो. बिघाड पत्रा आणि पहिला हात यांच्यामध्ये असतो, आणि घासणं संपल्यापासून प्रायमर लागेपर्यंतच्या तासा-दोन तासांत तो घडलेला असतो.

लाकूड आणि फायबरवर चालणाऱ्या सवयी इथे नडतात. ॲल्युमिनियमचा पत्रा घासला की उघड्या धातूवर लगेच ऑक्साइडची साय धरते. ती पातळ आणि कोरडी असेपर्यंत धातूचं रक्षणच करते. पण खाऱ्या, दमट हवेत ती पाणी पिऊन जाड आणि भुसभुशीत होते. त्यावर मारलेला रंग सायीला चिकटतो, धातूला नाही. साय सुटली की रंग तिच्यासकट येतो.

लक्षणं: फोड फोडून बघा

वरवर सगळे फोड सारखेच दिसतात. धारदार सुरीने एक उचकटा आणि खाली काय आहे ते भिंगातून पाहा.

रंगाचा मोठा तुकडा सहज निघाला आणि खाली पत्रा स्वच्छ, चमकदार दिसला, तर तयारीत चूक आहे. तेल, मेण राहिलं असेल किंवा पत्रा पुरेसा खरखरीत केलेला नसेल.

खाली पांढरी भुकटी किंवा ओलसर, खिमटासारखा पांढरा चिखल निघाला आणि तो नखाने खरवडता आला, तर ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आहे. म्हणजे धातू गंजतोय. ओरखड्यापासून किंवा बोल्टापासून गांडुळासारख्या बारीक रेषा रंगाखालून सरकत गेल्या असतील, तर तोही गंजच.

प्रायमर पत्र्यावर घट्ट आणि वरचा रंगच सुटलाय, तर दोष दोन हातांमध्ये आहे. पत्र्याला हात लावू नका, हे काम त्यातल्या त्यात स्वस्त.

फोडात पाणी निघालं तर त्यात पीएचची पट्टी बुडवा. औषधाच्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात ती मिळते. आकडा ९-१० च्या वर गेला तर ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजावा म्हणून बोटीला लावलेला धातूचा ठोकळा) किंवा वीज गरजेपेक्षा जास्त संरक्षण देतेय आणि त्यातून तयार झालेला अल्कली रंग उचलतोय. पाणी आम्लाकडे झुकत असेल आणि तळाशी खड्डा असेल, तर तिथे धातू खाल्ला जातोय. थिनरचा वास आला तर पहिला हात वाळण्याआधी दुसरा मारलाय.

पुट्टीच्या कडेने केसासारख्या भेगा आल्या किंवा वेल्डच्या रेषेवर पुट्टी उभी फुटली, तर पुट्टीचा प्रकार नाहीतर तिची जाडी चुकली.

तपासणी १: ब्लेड आणि चिकटपट्टी

न सुटलेल्या भागावरही रंग किती धरून आहे ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही फक्त फोडांना ठिगळं लावत बसाल. ब्लेडने पत्र्यापर्यंत सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा. रंग ६० मायक्रॉनपर्यंत असेल तर रेघांत १ मिमी अंतर, १२० पर्यंत २ मिमी, २५० पर्यंत ३ मिमी. त्याहून जाड रंगावर नुसती फुली मारा. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रेघांच्या कडेचे चुकार कण निघाले तर हरकत नाही. चौकोनच्या चौकोन पट्टीला चिकटून आले, तर तो भाग आज दिसायला कितीही चांगला असला तरी पुढच्या हंगामात जाणार.

पाणरेषेखाली, पाणरेषेवर, नाळेपाशी आणि ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट बाजूवर, अशी निदान चार ठिकाणी ही चाचणी घ्या. चारांपैकी तीन ठिकाणी नापास झाली तर ठिगळं विसरा, सगळा रंग उतरवा. कापलेल्या जागा त्याच दिवशी प्रायमरने बंद करा.

तपासणी २: फोड नेमके कुठे आहेत

खडूने सगळे फोड गोल करा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. फोडांचा नकाशा बरंच सांगतो.

ट्रॉलीच्या लाकडी टेकूंना लागणाऱ्या दोन लांब पट्ट्यांतच रंग गेला असेल, तर दोषी टेकूवरचा ओला गालिचा. ओलं कापड, गोणपाट, फोम पत्र्याला टेकून राहिलं की तिथे हवा पोचत नाही, मीठ साठतं आणि पत्र्याला खड्डे पडतात. टेकूचं लाकूड वाळवी लागू नये म्हणून तांबंयुक्त औषध पाजलेलं असेल तर आणखी वाईट. साधं लाकूड वापरा, त्यावर प्लॅस्टिकची पट्टी ठोका आणि बोट आणल्यावर टेकूंवरही गोडं पाणी मारा.

फोड फक्त स्टेनलेसचे बोल्ट, कडी, शिडी यांच्याभोवती असतील, तर दोन धातूंची जुगलबंदी चाललीय: खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला टेकलेलं ॲल्युमिनियम आधी गंजतं. बोल्ट काढा, नायलॉनचे बुश आणि वॉशर घाला, आटे आणि बसण्याची जागा दोन धातूंना विलग ठेवणाऱ्या पेस्टमध्ये किंवा पॉलिसल्फाइड सीलंटमध्ये बुडवून बसवा. नुसता रंग मारून उपयोग नाही, कारण बोल्ट आवळताना रंग तिथेच तडकतो.

आतून बिल्जही, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठतं ती जागाही, उपसून बघा. तांब्याच्या तारेचा तुकडा, पितळी नाणं, जाळ्याची शिशाची गोळी, यातलं एकही खाऱ्या पाण्यात पत्र्यावर पडून राहिलं तर आतून भोक पडतं, आणि बाहेरच्या फोडाचं कारण तुम्ही बाहेरच शोधत राहता.

तपासणी ३: पाणी तुटतंय का

सुटलेल्या भागातला एक हातभर तुकडा नेहमीसारखा साफ करून घासा. मग त्यावर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा अखंड पडदा अर्धा मिनिट टिकला तर पत्रा स्वच्छ. पाणी जागोजागी फाटलं, थेंब झाले, तर तिथे तेल आहे आणि रंग तिथूनच सुटणार.

इथली नेहमीची चूक म्हणजे आधी घासणं आणि मग थिनरने पुसणं. तेल लागलेला पत्रा घासला की पॉलिश पेपर ते तेल ओरखड्यांत भरतो. क्रम असा ठेवा: आधी साबण आणि गोडं पाणी, मग दोन फडक्यांनी थिनर. एका ओल्या फडक्याने पुसायचं आणि थिनर उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. त्यानंतरच घासायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल फक्त इकडचं तिकडे जातं. घासल्यानंतर फडक्यावर राखाडी रंग येतच राहील. ते ॲल्युमिनियमचे कण आहेत, त्याच्या मागे लागून पिंपभर थिनर संपवू नका.

मीठही इथेच पकडायचं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारट असेल तर त्याने धुऊन मिठावर मीठ चढवल्यासारखं होतं. शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं घ्या. रंगाखाली राहिलेलं मीठ बाहेरचं पाणी रंगातून आत ओढून घेतं, आणि पाण्याने भरलेले फोड बहुतेक असेच तयार होतात.

तपासणी ४: तो दिवस कसा होता

आर्द्रतामापक आणि पत्र्याचं तापमान दाखवणारा थर्मामीटर, दोन्ही फार महाग नाहीत. नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. म्हणजे पत्रा २९ च्या वर नसेल तर त्यावर न दिसणारं दव धरू शकतं.

कोकणात अडचण अशी की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि रंगकामाला नेमका तोच मोकळा वेळ मिळतो. इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या प्रायमरला, त्याहून वाईट महिने नाहीत. बंद शेडमध्ये हवा कोरडी ठेवण्याची सोय नसेल तर त्या काळात फक्त घासणं, वेल्डिंग, बोल्ट बदलणं उरकून घ्या. प्रायमर मेच्या आधी नाहीतर ऑक्टोबरनंतर मारा. थंडीतही सकाळी नऊपर्यंत थांबा, रात्रीचं दव पत्र्यावरून पुरतं जाऊ द्या. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर मात्र मारू नका. वरची साय लगेच वाळते, आत थिनर कोंडतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

वरचा रंगच सुटत असेल तर डब्यावर दोन हातांमधलं कमाल अंतर वाचा. इपॉक्सी त्या मुदतीपलीकडे गेलं की इतकं कडक होतं की पुढचा हात त्यात मुरत नाही. तसं झालं असेल तर १८०-२२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच पुढचा हात. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट, चिकट थर येतो. तो पाणी आणि घासणीने धुवायचा, थिनरने नाही. थिनर त्याला पसरवतो.

तपासणी ५: खाली काय मारलंय

जुने डबे शोधा. रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडासाठी असतो. ॲल्युमिनियमवर तो मारलेला असेल तर रंग सुटण्याचं कारण सापडलं. शिसं असलेला जुना प्रायमरही चालत नाही.

वॉश प्रायमर (धातूवर पकड यावी म्हणून मारायचा आम्लयुक्त पहिला हात) पातळ, म्हणजे ८ ते १२ मायक्रॉनच मारायचा असतो, इतका की खालचा पत्रा झाकलाही जाऊ नये. पुरता झाकणारा जाड हात मारला तर तो स्वतःच्याच पोटात फाटतो. शिवाय त्यावर कुठला इपॉक्सी चालतो ते कंपनीच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवायचं. पाणरेषेखाली वॉश प्रायमर टाळून घासलेल्या पत्र्यावर थेट इपॉक्सी मारणं जास्त भरवशाचं.

शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) धरू नये म्हणून मारलेल्या रंगाच्या डब्यावर क्युप्रस ऑक्साइड लिहिलंय का बघा. ॲल्युमिनियमवर हा मारूच नये. ओरखडा पडून पाणी आणि तांबं पत्र्याला भिडलं की पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. तांबंविरहित किंवा कंपनीने ॲल्युमिनियमसाठी स्पष्ट लिहून दिलेलाच रंग घ्या, तोही इपॉक्सीच्या जाड अडसरावर. कथिलयुक्त टीबीटी रंग पूर्वी यासाठी वापरत, पण २००८ मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद झाले. कुणी जुना डबा देऊ केला तरी घेऊ नका.

बार्नॅकल काढायला संडासाचं ॲसिड वापरण्याची पद्धत अजून दिसते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड पत्र्यात खड्डे पाडतं. कॉस्टिक सोडा असलेला रंग उतरवायचा द्रवही तसाच. पत्र्यावर बुडबुडे येताना दिसतात ते हायड्रोजनचे, आणि तो धातू विरघळत असतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बार्नॅकल ओले असतानाच खरवडा. वाळले की ते रंग घेऊनच निघतात.

तपासणी ६: पुट्टी

नाण्याने हलकेच टिचक्या मारा. भरीव टणक आवाज सोडून कुठे पोकळ बदबद आवाज आला तर पुट्टी सुटली आहे. हार्डनरची छोटी ट्यूब मिळते ती गाडीची पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. पाणरेषेखाली तिला जागा नाही.

ॲल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. सहा मीटरच्या बोटीत पत्र्याचं तापमान ४० अंशांनी बदललं तर लांबी साडेपाच मिलिमीटरने बदलते. पुट्टी जेवढी जाड, तेवढी ती या ओढाताणीत फुटते. त्यात गडद रंग असेल तर तापमान आणखी चढतं आणि पुट्टीच्या कडा रंगातून उठून दिसतात. शिवाय बोटींच्या पत्र्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ५०८३ सारख्या मिश्रधातूला ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवणं त्याच्या गंजरोधकतेला मानवत नाही. पांढरा, फिकट राखाडी किंवा फिकट निळा रंग घ्या, काळा नको.

सपाटपणा हवा म्हणून वेल्डचा फुगवटा किंवा रिबेटची डोकी ग्राइंडरने सपाट करणारे भेटतात. तिथली ताकदच घासून निघते. वेल्ड दिसलं तर दिसू दे. पाणरेषेखाली तर पुट्टीच नको, तिथे गुळगुळीतपणाने होणारा फायदा तिच्यामुळे होणाऱ्या त्रासापुढे कमी आहे.

तपासणी ७: ॲनोड आणि वीज

ॲनोडवर कुणी रंग मारला असेल तर तो निकामी. हंगामभर वापरूनही तो नवाकोरा राहिला असेल तर त्याची जोडणी तुटली आहे. मल्टिमीटर लावा, ॲनोड ते पत्रा आकडा जवळपास शून्य यायला हवा, एक ओहमही नको. निम्मा झिजला की बदला. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा, धरणाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. धरणातली बोट खाडीत आणली आणि मॅग्नेशियम तसाच राहिला, तर तो गरजेपेक्षा जोर लावून रंग उचलतो. चांदी-चांदी क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड मिळाला तर हलचं (बोटीच्या धडाच्या पत्र्याचं) वाचन उणे ९०० ते उणे ११०० मिलिव्होल्टमध्ये असावं.

मग वीज. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, रेडिओसारखी कायम जोडलेली उपकरणं सोडवा, बाकीची बंद आणि मेन स्विच चालू ठेवा. मल्टिमीटरचं एक टोक मोकळ्या पॉझिटिव्ह वायरीला, दुसरं हलच्या उघड्या धातूला. आकडा दहा हजार ओहमच्या खाली आला तर कुठेतरी वायर हलला लागतेय. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजवर आकडा चढेल ती लाइन दोषी.

दुरुस्ती

फोडाभोवती दोन-तीन इंच घट्ट रंगापर्यंत जा आणि कडा उतरत्या करा, पायरी राहू देऊ नका. गंजाचे पांढरे खड्डे फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने साफ करा. लोखंडाचा तारेचा ब्रश, लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती, स्टील वूल, यांचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. घासायला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ८० नंबर, मग १२०. लोखंड आणि ॲल्युमिनियमचा कीस एका पिशवीत गोळा करू नका, ठिणगी पडली तर भयानक पेटतो.

घासून झाल्यावर दमट किनाऱ्यावर तासा-दोन तासांत, कोरड्या जागी फार तर चार तासांत, प्रायमर लागलाच पाहिजे. म्हणून एका वेळी तेवढाच भाग घासा जेवढा तितक्या वेळात झाकता येईल. कडा, वेल्ड, रिबेट यांना आधी ब्रशने एक पट्टी मारा, कारण धारेवरून रंग ओघळून पातळ होतो. पाणरेषेवर टू-पॅक (दोन भागांच्या) इपॉक्सीचे दोन हात, एकूण १२० मायक्रॉन. पाणरेषेखाली चार-पाच हात, सुमारे २५० मायक्रॉन. पत्र्यावर जाडी मोजायला चुंबकावर चालणारं मीटर निरुपयोगी, एडी करंटचं घ्या. तेही नसेल तर ओल्या रंगात खुपसायचा कंगवा.

किती लागेल? क्षेत्रफळ गुणिले मायक्रॉन, भागिले घनांशाच्या (थिनर उडाल्यावर उरणाऱ्या भागाच्या) टक्क्यांची दहापट. पाच मीटरच्या बोटीचं बाह्य क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस मीटर धरा. ५० टक्के घनांशाच्या प्रायमरचे १२० मायक्रॉन सगळीकडे मारायचे तर ३.४ लिटर, आणि ब्रश-रोलरमधली ३० टक्के वाया जाणारी धरून ५ लिटर. तळाच्या जादा हातांचा हिशोब याच सूत्राने वेगळा.

पुट्टी नेहमी घासलेल्या प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही. इपॉक्सी पुट्टी घ्या, एका वेळी २-३ मिमीच्या वर नको. वाळली की वर काळ्या रंगाचा पातळ फवारा द्या आणि लांब फळीवर ८० नंबर लावून तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या हाताने घासा. काळं राहील तिथे खड्डा. मग १२०, पुन्हा प्रायमर, २२०, ३२० आणि पॉलियुरेथेनचे दोन हात. ब्रश-रोलरने मारताना हातमोजे आणि मोकळी हवा पुरते, फवारणी मात्र घरगुती मास्कवर करू नका. त्यातलं आयसोसायनेट दमा लावतं. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

इथे हात थांबवा

खड्डा पत्र्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाहून खोल वाटला, किंवा टोकदार वस्तू टोचली तर पत्रा दबला, तर रंग बाजूला ठेवा. अल्ट्रासोनिक जाडीमापक असलेला सर्व्हेयर बोलवा. वेल्डमध्ये भेग दिसली, रिबेट हलत असेल, आतून पाणी झिरपत असेल, तर ते ॲल्युमिनियम टिग-मिग येणाऱ्या वेल्डरचं काम. पुट्टीने भोक बुजवलं तर ते दिसेनासं होतं, बंद होत नाही.

किनाऱ्याच्या विजेशी जोडलेली बोट असेल आणि वायरीचा दोष सापडत नसेल, तर बोटीच्या विजेचं काम येणारा इलेक्ट्रिशियनच हवा. २३० व्होल्ट आणि पाणी एकत्र आहेत. तांबंयुक्त रंग थेट पत्र्यावर मारला गेला असेल तर तो हवेच्या दाबाने दाण्याचा मारा (ब्लास्टिंग) करून उतरवावा लागतो, तोही गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडने, लोखंडी गोळ्या किंवा तांब्याच्या मळीने नाही. जुन्या थरात शिसं किंवा क्रोमेट असण्याची शंका असेल तर कोरडं घासूच नका. गॅसच्या ज्वाळेने रंग जाळणंही नको, पत्र्याची ताकद त्याने उतरते.

प्रवासी किंवा भाड्याची बोट असेल, तर पत्रा बदलण्याआधी महाराष्ट्रात सागरी मंडळाच्या आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या सर्व्हेयरला विचारा. रंगाखाली झाकलेली वेल्डिंग सर्वेक्षणात पुन्हा उघडायला लावतात.